दुसऱ्याची कोंबडी

कातरवळच्या सुब्राय सिद्दीच्या कोंबडीला तीन पाय होते. ती कोंबडी कुणी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती, कारण ती गोष्टीतली होती. पण सुब्रायसमोर तसं बोलायची गावात कुणाची छाती नव्हती.

कातरवळ हे कर्नाटकातल्या हल्याळकडच्या रानातलं सिद्दी लोकांचं गाव. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांचे वंशज. रंगरूप तिकडचं, बोली इकडची, मराठी-कोंकणीची मिसळ. ज्या मालकाला माणूस विकलं गेलं त्याचा धर्म त्याला चिकटला, म्हणून त्यांच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमानही आहेत. आणि मी सांगतोय ती हकीकत फार पुढची नाही. तुमच्या नातवंडांच्या लग्नकार्याच्या सुमाराला घडली असं धरून चाला.

सुब्रायच्या घरात नवरात्रात हिरियारांचा दिवस असायचा. हिरियार म्हणजे घरातली होऊन गेलेली मोठी माणसं. कोपऱ्यात नारळ मांडायचे, त्यांना फुलं वाहायची, दमाम नावाचा मोठा ढोल वाजवायचा, आणि मग घरच्या सांगणाऱ्यानं भुईवर मांडी घालून सुरुवात करायची, "आमची आई समुद्राच्या काठची. तिच्या गावाला सूर्य समुद्रातनं उगवायचा." पुढं माणूसचोर येतात. आई आणि तिची तीन पोरं धरली जातात. दोरखंड, पायपीट, बोट, गोव्याचा बाजार, आणि तीन पोरं तीन घरांना विकली जातात. त्यातला थोरला मोठेपणी मालकाच्या घरातनं पळतो, घाट चढून रानात येतो. तो सुब्रायच्या घराचा मूळपुरुष. सगळी गोष्ट अशी काळजाला हात घालणारी, आणि ऐन बोटीवर, आई पोरांना पोटाशी धरून त्यांच्या गावची गोष्ट सांगत असताना सुब्राय म्हणायचा, "आईच्या मांडीवर एक कोंबडी होती. तिला तीन पाय होते."

पोरं फिस्सकन हसायची. जो हसेल त्यानं उठून विहिरीवरनं घागर भरून आणायची, असा दंडक होता. सुब्राय हसायचा नाही. एवढं बोलून तो थांबायचा आणि जमलेल्यांच्या तोंडांकडं एकेक करून बघायचा, त्यातही पाव्हण्यांच्या. मग गोष्ट पुढं जायची. कोंबडीचं नाव पुन्हा निघायचं नाही. "मग तिचं काय झालं?" असं कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "ते गोष्टीत नाही."

त्याची एकुलती एक लेक देवकी. लहानपणी सगळ्यात जास्त घागरी तिनं भरल्या. पुढं ती भाषाशास्त्र शिकली, बेळगावच्या एका मौखिक परंपरा केंद्रात कामाला लागली, आणि तिथल्या यंत्रानं बापाच्या कोंबडीवर काट मारली. खरं बोलायचं तर यंत्रानं नुसती शिफारस केली. काट मारली ती देवकीनं.

यंत्राचं नाव मूळपाठ. त्याच्या पोटात काय चालतं ते समजायला फार विद्वत्ता लागत नाही, शाळेत एकदा कॉपी केलेली असली की पुरे. परीक्षेत दोघांची उत्तरं बरोबर आली तर मास्तर काही बोलत नाहीत, बरोबर उत्तर कुणाचंही येऊ शकतं. पण दोघांनी एकाच गणितात एकच विचित्र चूक केली, की दोघंही बाकावर उभे. चूक सारखी, तर मूळ एक. जुन्या पोथ्या तपासणारे हेच करत आले. जीवशास्त्रवालेही हेच करतात. जनुकाची नक्कल होताना एखादी चूक होते, ती पोराबाळांत उतरते, आणि अशा चुकांवरनं वंशाचं झाड काढता येतं. मूळपाठनं ही युक्ती तोंडी गोष्टींना लावली. हजारो सांगणाऱ्यांचे आवाज त्याच्यात ओतले होते. प्रसंग, त्यांचा क्रम, वाक्यांची घडण, बोलीतले जुने-नवे थर, हे सगळं ते एकमेकांशी ताडून बघायचं आणि कुठला बदल कुठल्या फांदीवर, साधारण किती पिढ्यांमागं झाला ते सांगायचं. मग एकेक बदल सोलून काढत बुंध्याशी पोचायचं आणि मूळची गोष्ट समोर ठेवायचं.

त्याचा पहिला पराक्रम सूर्याचा. समुद्रातनं उगवणारा सूर्य बघून केंद्रातल्या हुशार मंडळींनी तो आधी चुकांत टाकला होता. आपल्याकडं सूर्य समुद्रात बुडतो, हे शेंबडं पोरही सांगेल. यंत्र म्हणालं, नाही, हे वाक्य प्रत्येक फांदीवर आहे, म्हणजे ते बुंध्यातलं आहे. ज्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रातनं उगवतो तो पूर्वेचा किनारा, म्हणजे आफ्रिकेचा. ती बातमी आली त्या दिवशी रानातल्या पाड्यापाड्यांत दमाम वाजले. देवकी रडली. त्यानंतर मूळपाठ बोलेल ती पूर्वदिशा.

सरकारनंही मान डोलावली. ज्या घराची गोष्ट झाडाला जुळेल त्या घराला वंशप्रमाण मिळू लागलं. त्या कागदावर वनजमिनीचा पट्टा अवलंबून, पोरांच्या कॉलेजातल्या जागाही. मूळची गोष्ट फोनवर आली, गोड बाईच्या आवाजात. पोरं ती तोंडपाठ करू लागली आणि म्हाताऱ्यांना अडवू लागली, "आज्ज्या, तिथं चुकलं तुझं." म्हातारे आपली गोष्ट छाटून फोनच्या मापाची करू लागले. बरेच जण सांगायचेच बंद झाले. फोन चांगलं सांगतो की, आपण कशाला घसा फोडायचा?

घसा सुब्रायचाही बिघडला होता, पण वेगळ्या कारणानं. गाठ होती. हुबळीच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, ऑपरेशन झालं की जीव राहील, आवाज राहणार नाही. तारीख दिवाळीनंतरची होती. देवकी रजा काढून गावाला आली तेव्हा तो परसात दमामाची दोरी ताणत बसला होता.

"औंदा मी सांगतो," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पुढच्या खेपेपासनं तू."

"सांगीन की बा. पण एक आहे. कोंबडी नाही सांगायची मी."

सुब्रायनं दोरी सोडली.

"अरे, बोटीवर तीन पायांची कोंबडी कुठनं येईल? फक्त आपल्या चार भाऊबंदांत आहे ती. कुणा पणज्यानं पोरांना हसवायला घातलेली. आता खरी गोष्ट हातात आहे, मग खोटी कशाला सांगायची?"

"तू शिकलीस ते चांगलं झालं," सुब्राय म्हणाला. "पण कोंबडीबिगर सांगणार असशील तर नारळापुढं बसू नको."

"मग कोण बसणार?"

"कोण नाही. माझ्याबरोबर मिटलं म्हणायचं."

देवकीला राग आला होता, आणि त्या रागाच्या बुडाशी भीती होती. हा आवाज दिवाळीनंतर नसणार आणि आपण त्याच्याशी कोंबडीवरनं भांडतोय, हे तिला दिसत होतं. तरी ती मागं हटली नाही. बापाचीच लेक ती.

रजा संपायच्या आत केंद्रातनं काम आलं. तिच्या वरिष्ठ डॉ. मृणाल हेरेकर यांना ख्रिस्ती पाड्यावरचे आवाज कमी पडत होते. तिकडं क्रूसवाडीत नातालीन नावाची एक म्हातारी जुनी गोष्ट सांगते असं कळलं होतं. देवकी गाडी घेऊन गेली.

नातालीन काटकुळी, पण आवाज घंटेसारखा. गळ्यात क्रूस, तोंडात तंबाखू. तिनं आधी देवकीचं कूळमूळ विचारलं आणि मग अंगणात बसून सांगायला घेतलं. समुद्र, सूर्य, माणूसचोर, तीन पोरं. हिच्या घराचं मूळ मधली मुलगी होती. बाकी सगळं तेच, शब्द तेवढे वेगळे. गोष्ट बोटीवर आली. नातालीननं देवकीच्या तोंडाकडं रोखून बघितलं आणि म्हणाली, "आईच्या मांडीवर एक कोंबडी होती. तिला एकच डोळा होता, कपाळाच्या मधोमध."

देवकीला हसू फुटलं. इथंही कोंबडी! वर ती असली! आणि शिकल्यासवरल्या माणसाची खोड, तिनं अगदी आदरानं चूक दुरुस्त केली.

"मावशी, ही कोंबडी मूळ गोष्टीत नाही बरं का. मागनं कुणीतरी घातलेली आहे. आमच्याकडं पण घातलीय, ती तर..."

नातालीननं हात वर केला. देवकीचं वाक्य तोंडातच राहिलं.

"तुला ठाऊक आहे तर मला कशाला विचारायलीस?" म्हातारी उठली. "मला वाटलं होतं... जाऊ दे. ऊन चढलं, नीघ तू."

बस म्हणाली नाही, पाणी घे म्हणाली नाही. सिद्दी माणसाच्या दारातनं कुणी असं कोरडं परत जात नाही. देवकीला गाडीत बसेपर्यंत कळेना आपण एवढं काय केलं.

बेळगावला जाऊन तिनं ते अर्धं ध्वनिमुद्रण यंत्राला दिलं. मूळपाठनं दुपारपर्यंत वेळ घेतला, मग एक ओळ दाखवली आणि तिथंच अडून बसलं. कोंबडीचा बदल दोन फांद्यांवर, एकाच जागी, दोन वेगळ्या रूपांत. वय, मुळाइतकं.

देवकीनं पुन्हा चालवून बघितलं. पुन्हा तेच. तिनं डॉ. हेरेकरांना बोलावलं. बाई पदर खोचून यंत्रासमोर बसल्या. त्या माणूस म्हणून चांगल्या होत्या, डोक्यानंही तल्लख, हे आधीच सांगून ठेवतो.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "सुब्रायांचे भाऊबंद चार घरं. प्रत्येकाची बाकीची गोष्ट थोडी थोडी झिजलीय, हो ना? दोरखंडाची साखळी झाली, गोव्याचा बाजार कुणाकडं पणजीचा झाला. पण कोंबडीचं वाक्य चारही घरांत अक्षरन् अक्षर एक. नातालीनबाईंच्या बहिणीचं जुनं ध्वनिमुद्रण आहे आपल्याकडं, अर्धवट म्हणून बाजूला ठेवलेलं. त्यातही एकडोळी कोंबडी, अगदी हेच शब्द. विनोद असा राहत नाही, देवकी. विनोद माणसं फुगवतात. मुद्दाम जपलेलंच असं न झिजता राहतं."

"पण बाई, दोन कोंबड्यांतली एक मूळ असेल, दुसरी बदललेली."

"यंत्र नाही म्हणतंय. दोन्ही सारख्याच जुन्या. आणि चूक मुळाइतकी जुनी असू शकत नाही. नक्कल झाल्याशिवाय चूक होतच नाही." त्यांनी पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवलं. "असलीच तर ती चूक नव्हे. ज्यानं गोष्ट पहिल्यांदा सांगितली त्यानंच ती प्रत्येकाला वेगळी सांगितली."

गोष्ट पहिल्यांदा कुणी सांगितली हे देवकीला पाचव्या वर्षापासून पाठ होतं. बोटीवरच्या आईनं. किनारा दिसायला लागलेला, मांडीशी तीन पोरं, आणि ही तिन्ही तीन दिशांना जाणार हे त्या बाईला पक्कं कळलेलं. नावं मालक बदलणार. देव बदलणार, भाषा जाणार. अंगावरचं फडकंसुद्धा काढून घेतील. मग पोरं एकमेकांना, त्यांची पोरं एकमेकांना, ओळखणार कशावरनं? तिनं तिघांना एकच गोष्ट दिली आणि प्रत्येकाला एक वेगळी कोंबडी. अशी खुळचट की ऐकणारा मालक हसून सोडून देईल, आणि दुसऱ्या कुणाला योगायोगानंही सुचणार नाही.

आणि देवकीनं ती छाटली होती, 'स्थानिक विनोद' असा शेरा मारून.

ती तडक गावाला गेली. बापाला सगळं सांगितलं. यंत्राचा भाग सुब्रायनं शांतपणे ऐकला. नातालीनचा भाग आला तसा तो ताडकन उभा राहिला.

"तू तिच्या कोंबडीला नावं ठेवलीस?"

"मला काय माहीत बा..."

"माहीत नाही? हजारदा सांगितलं असेल मी! दुसऱ्याच्या कोंबडीला नावं ठेवू नयेत, पाट मांडावा. तुझ्या आज्ज्यानं मला सांगितलं, मी तुला सांगितलं."

सांगितलं होतं खरं. देवकीला ते वाक्य अंगाईसारखं पाठ होतं. पण तिनं ते रीतभात म्हणून ऐकलेलं, लोकांच्या घरी जाऊन खोड्या काढू नये अशा अर्थानं.

"तुला ठाऊक होतं हे सगळं?" तिनं विचारलं.

"कोंबडी कशासाठी ते नव्हतं ठाऊक. एवढंच की, आपली कोंबडी बदलायची नाही, आणि वेगळी कोंबडी सांगणारा भेटला तर आधी जेवू घालायचं. माझ्या बाला कोण भेटला नाही. मलापण नाही." सुब्राय खोकला, आणि मग त्याच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. "भेटली ती तुला, आणि तू उपाशी आलीस तिथनं. गाडी काढ."

नातालीननं दार उघडलं ते कपाळाला आठ्या घालून. सुब्राय सरळ अंगणात मांडी घालून बसला आणि फुटक्या आवाजात गोष्टच सांगायला लागला. समुद्र, सूर्य, माणूसचोर. मधेच दम लागायचा, थांबायचा. म्हातारी दाराला टेकून ऐकत होती. बोट आली. "आईच्या मांडीवर एक कोंबडी होती," सुब्राय म्हणाला. "तिला तीन पाय होते."

नातालीन हसली नाही. मग आत गेली, पाट घेऊन आली, तो भुईवर मांडला आणि वरनं पदरानं पुसला.

"जेवलास काय रे दादा?" ती म्हणाली.

भात होता आणि सुक्या बांगड्याचं कालवण. सुब्रायला गिळायला त्रास होत होता, तरी त्यानं पान चाटूनपुसून स्वच्छ केलं. देवकी बाजूला बसून रडत होती. नातालीननं तिच्याही पानात वाढलं आणि वर टोमणा हाणला, "खा गे शहाणे. कोंबडी नाही त्यात."

हात धुताना म्हातारीनं हळूच विचारलं, "आणि तिसरं?"

"ते अजून नाही," सुब्राय म्हणाला.

तिसरं म्हणजे सगळ्यात धाकटं पोर. त्याचं पुढं काय झालं ते दोघांच्याही गोष्टीत नव्हतं. ते कुणाला विकलं गेलं, कुठल्या मुलखात, त्याची कोंबडी कसली होती, काही नाही.

डॉ. हेरेकरांचा आनंद गगनात मावत नव्हता. निबंधाचा मसुदाही तयार होता.

"लाख सांगणाऱ्यांत असा पुरावा मिळत नाही गं! जगभर जाईल हे. फोनवरच्या गोष्टीत दोन्ही कोंबड्या घालू, तिसऱ्या शाखेला आवाहन करू. गुजरात, कराची, कुठं असेल तिथनं माणूस पुढं येईल."

"येतील की," देवकी म्हणाली. "ढिगानं येतील. वंशप्रमाण मिळतंय म्हटल्यावर कुणाची कोंबडी दोन डोक्यांची निघेल, कुणाची बिनपिसांची. त्यातली खरी कुठली ते कसं ओळखायचं?"

"यंत्र ओळखेल."

"आज ओळखेल. वर्षभर फोननं घरोघरी कोंबडी सांगितल्यावर? बाई, फोनवर गोष्ट आली तशा गावोगावच्या गोष्टी एकसारख्या झाल्या, आपणच बघितलंय. खूण सगळ्यांना सांगितली की ती खूण राहत नाही."

बाईंनी हातातला मसुदा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे सापडलेलं लपवायचं? हे विज्ञानात बसत नाही, देवकी. आणि लपवून तिसरा कसा सापडणार? वाट बघत बसणार तुम्ही?"

बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि देवकीचंही नव्हतं. पण केंद्राचा एक नियम होता. घराला आपली गोष्ट कधीही परत मागता येते, आणि मग यंत्राला ती पुसावी लागते. सुब्रायच्या भाऊबंदांनी आणि नातालीनच्या घरांनी आवाज परत घेतले, तर दाखवायला कोंबडी उरणार नव्हती, नुसता एक तर्क उरणार होता. बाईंनीच तो नियम एके काळी हट्टानं घालून घेतला होता.

त्याची किंमतही होती. आवाज गेला की वंशप्रमाण गेलं. फोनची गोष्ट घोकून सांगावी तर यंत्र ती लगेच ओळखायचं आणि नापास करायचं. सुब्रायच्या जमिनीचा पट्टा लटकणार होता. नातालीनच्या नातीची नर्सिंगच्या कॉलेजातली जागा त्याच कागदावर होती.

सुब्राय म्हणाला, "रान आपल्या बापजाद्यांनी कागदाबिगर कसलंय." एवढं बोलून त्यानं अंगठा उमटवला, आणि भाऊबंदांची समजूतही त्यानंच घातली. नातालीनला मात्र पुष्कळ दिवस लागले. दोन वेळा नाही म्हणाली. शेवटी होकाराचा निरोप आला, पण नात तिच्याशी पुढं कित्येक महिने बोलली नाही. नातीचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

डॉ. हेरेकरांनी स्वतःच्या हातानं ते आवाज पुसले. यंत्राचं झाड पुन्हा गुळगुळीत झालं, कोंबडीचं नाव नाही. मसुदा त्यांनी फाडला, त्यानंतर देवकीशी कामापुरतंच बोलू लागल्या. वर्ष संपायच्या आत देवकीनं ती नोकरी सोडली आणि हल्याळच्या शाळेत शिकवू लागली.

पुढच्या नवरात्रात कातरवळला नारळ मांडले. सुब्रायचा आवाज गेला होता, हात शाबूत होते. त्यानं दमाम असा घुमवला की पाड्यावरची कुत्री भुंकायला लागली. नातालीन मेणबत्ती घेऊन आली होती, ती तिनं नारळांशेजारी लावली. गुजरातेतनं, गीरकडचे काही सिद्दी पाव्हणे आले होते, एका मेळ्यासाठी, देवकीनं त्यांना घरी बोलावलेलं. देवकी नारळांपुढं बसली. "आमची आई समुद्राच्या काठची..."

बोट आली. "आईच्या मांडीवर एक कोंबडी होती. तिला तीन पाय होते."

पोरं फिस्सकन हसली. "फोनमध्ये कोंबडी नाहीच!" असं एक कार्टी ओरडली, तिला घागर दाखवण्यात आली. देवकी हसली नाही. ती थांबली आणि जमलेल्या तोंडांवरनं तिची नजर आपोआप फिरू लागली. बाप इथं का थांबायचा, ते तिला आत्ता कळलं. इतकी वर्षं तिला वाटायचं, लोक किती हसले ते तो बघतोय. तो बघत होता कोण हसलं नाही ते. पाव्हण्यांना दुभाष्यानं सांगितलं, तेही खदखदून हसले. देवकीनं गोष्ट पुढं नेली.

जेवणाला तीन पाट वेगळे मांडले होते. एकावर सुब्राय, एकावर नातालीन, आणि तिसरा तसाच, पान वाढलेला. एवढ्यात पाव्हण्यांच्या गाडीचा ड्रायव्हर आला. तोही गीरकडचाच सिद्दी, उस्मान नावाचा, दिवसभर गाडी हाणून गोष्टीच्या वेळी गाडीतच झोपलेला. भुकेनं कावलेला होता. मोकळा पाट दिसला, बसला.

नातालीन त्याला उठवायला पुढं झाली. सुब्रायनं मान हलवली, आणि स्वतःच्या हातानं त्याच्या पानात गरम भात वाढला.

"मी झोपलो होतो," उस्मान मोडक्या हिंदीत म्हणाला. "सगळे हसले ते कशाला?"

देवकीच्या हातातली पळी थांबली. तिनं आवाज साधा ठेवला. "गोष्टीत एक कोंबडी आहे. बोटीवर, आईच्या मांडीवर. तिला तीन पाय होते."

उस्मान चावायचा थांबला. कपाळाला आठी घालून त्यानं विचार केला. नातालीननं देवकीचा दंड घट्ट धरला. सुब्राय त्याच्या तोंडाकडं डोळे लावून बसला होता.

आणि उस्मान हसला. ठसका लागेपर्यंत, मांडीवर थाप मारून हसला.

सुब्रायनं खाली बघितलं. मग कोपऱ्यातल्या घागरीकडं बोट केलं. उस्मानला काही कळेना, पोरांनी त्याला दंडक समजावून सांगितला, आणि तो बिचारा जेवण झाल्यावर हसत हसत विहिरीवर पाणी भरायला गेला. देवकीनं त्याचं पान उचललं, तिसरा पाट पुसला आणि पुन्हा मांडला.